ट्रंकेतला कॅमेरा



दर आठवड्याला आपण या जागी पीकपाण्याच्या आणि खताबियाण्याच्या गोष्टी बोलतो. आज मात्र जरा बांध ओलांडून पलीकडे जायचे आहे. कारणही तसेच घडले.

पंधरवड्यामागे सीना नदीच्या काठच्या एका गावात रब्बी ज्वारीच्या पाहणीला गेलो होतो. पोंग्यात अळी कितपत आहे हे पाहत चार-पाच रानं फिरलो आणि उन्हं चढल्यावर एका शेतकऱ्याच्या ओसरीवर टेकलो. घरच्या आजीबाई सुपात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांचा नातू सोलापूरला कॉलेजात शिकतो, तो सुटीला आलेला होता. पाण्याचा तांब्या ठेवून तो आत गेला आणि एक काळी, ओबडधोबड पेटी घेऊन आला. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ती पेटी त्याने माझ्या हातात दिली.

"साहेब, आज्याच्या ट्रंकेत घावला. ह्याला रोल मिळतो का हो अजून?"

मी पाहताक्षणी ओळखले. अ‍ॅग्फा कंपनीचा 'क्लिक थ्री'. आपल्यापैकी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकांचे लहानपणीचे फोटो याच कॅमेऱ्याने काढलेले असतील. हा बडोद्याला तयार होत असे. एका रोलात चौकोनी बारा फोटो निघत. आजोबा तरुणपणी सोलापूरच्या गिरणीत कामाला होते, तेव्हा बोनसच्या पैशातून त्यांनी तो घेतला होता.

मुलाचे वडील बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा ह्याला. खिशात पंधरा हजाराचा मोबाईल हाय. पाहिजे तेवढं फोटो निघत्यात, फुकट. आन् ह्यो म्हणतो, बारा फोटोला हजार-दीड हजार घालतो. असली पेटी भंगारवाला बी घ्यायचा न्हाई."

आजीबाईंनी सुपातून मान वर केली नाही. एवढेच म्हणाल्या, "भंगारात कशापायी? त्यांची वस्तू हाय ती."

बापाचा सवाल रास्त होता आणि पोराची हौसही खोटी वाटली नाही. आज कितीतरी तरुण मुले मोबाईल बाजूला ठेवून जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांच्या मागे लागली आहेत. त्यांना त्यात काय गोडी वाटते? ही नुसती उधळपट्टी की त्यात काही हशील आहे? ओसरीवर बसून मला निवाडा देता आला नाही. "लिहून सांगतो" म्हणालो आणि चहा घेऊन उठलो. तेच आज लिहितो आहे.

रोलच्या पोटात काय असते?

आधी रोल म्हणजे काय ते पाहू. पारदर्शक पट्टीवर जिलेटीनचा, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेल्या शुद्ध सरसाचा, पातळ थर दिलेला असतो. त्या थरात चांदीच्या क्षाराचे बारीक कण विखुरलेले असतात. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडते, भिंगातून उजेड आत येतो आणि ज्या कणांवर तो पडतो त्यांच्यात बदल होतो. हा बदल डोळ्यांना दिसत नाही. रोल तसाच बाहेर काढून पाहिला तर काहीच दिसणार नाही, वर उजेड लागून तो वाया जाईल. पुढे अंधारात औषधाच्या पाण्यात रोल धुतला की उजेड लागलेले कण काळी चांदी होऊन उमटतात. दुसऱ्या औषधाने, ज्याला फोटोवाले 'हायपो' म्हणतात त्याने, न वापरलेला क्षार निघून जातो आणि चित्र पक्के होते. उजेडाच्या जागी काळे आणि सावलीच्या जागी पांढरे, असे ते उलटे चित्र म्हणजे निगेटिव्ह. त्यावरून कागदावर छापले की सुलटे चित्र मिळते.

पेरलेल्या बियाला ओल लागली की आत हालचाल सुरू होते. पण वरून रान काळेच दिसते. आठवडाभर आपण बांधावरून डोकावत राहतो. रोलचेही तसेच आहे. फोटो काढून झालेला असतो, पण तो अजून उगवलेला नसतो.

शेतकऱ्यांना सांगावी अशी यात आणखी एक मौज आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत कोडॅक कंपनीला एक कोडे पडले होते. एका खेपेच्या जिलेटीनपासून केलेली फिल्म उजेडाला चटकन दाद देई आणि दुसऱ्या खेपेची मंद निघे. सॅम्युएल शेपर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने शोध लावून १९२५ साली त्याचे कारण मांडले. मोहरीच्या तेलात गंधक असलेला एक घटक असतो, तसल्या गंधकाचा अंश जिलेटीनमध्ये आला की फिल्म तेज होते. हा अंश जिलेटीनमध्ये कुठून आला? तर ज्या गाईंच्या हाडाकातड्यापासून ते केले, त्या मोहरीच्या जातीची झाडे चरलेल्या होत्या. तेलबियांना गंधक द्या असे मी तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो. त्याच गंधकाने फोटोच्या धंद्याचेही नशीब उघडले.

आणि आपल्या दादासाहेब फाळक्यांचे पाहा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने १९१२ साली विलायतेहून चित्रीकरणाचा कॅमेरा आणला. पैसे घालणाऱ्यांची खात्री पटवायला काय दाखवावे? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत त्याचा वेल होईपर्यंत टिपला. 'अंकुराची वाढ' नावाची ती छोटी फिल्म होती. पुढल्याच वर्षी, १९१३ साली, 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात अशी एका उगवणाऱ्या बियापासून झाली, आणि ती करणाऱ्याला रोज थोडे थोडे काम करून बाकीचे दिवस थांबावे लागले.

बारे द्यायचे तसा उजेड द्यायचा

मोबाईलमध्ये सगळा हिशेब आतले यंत्र करते. जुन्या कॅमेऱ्यात तो आपल्याला करावा लागतो, आणि हौशी माणसाला नेमकी त्याचीच गोडी लागते. हिशेब अवघड नाही. वाफ्याला ठरावीक पाणी द्यायचे असेल तर दोन तऱ्हा असतात. दारे मोठे फोडून थोडा वेळ पाणी सोडायचे किंवा बारीक फोडून जास्त वेळ सोडायचे. कॅमेऱ्यात भिंगामागचे भोक म्हणजे दारे, आणि झडप किती वेळ उघडी राहते ते बाऱ्याचा वेळ. पाणी कमी पडले तर वाफा सुकतो, तसा उजेड कमी पडला तर फोटो काळवंडतो. जास्त झाला तर चित्र पांढरे फटक पडते.

रोलवर १००, २००, ४०० असे आकडे असतात. ही रोलची तेजी. १०० चा रोल लख्ख उन्हासाठी आणि ४०० चा ढगाळ दिवसासाठी किंवा सांजवेळेसाठी. लख्ख उन्हात भोकाचा आकडा १६ वर ठेवावा आणि झडपेचा वेग रोलच्या आकड्याइतका धरावा, म्हणजे १०० च्या रोलला सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाच्या आसपास. एवढा एक ठोकताळा लक्षात ठेवला तर मोजणीचे यंत्र नसतानाही काम भागते. ढग आला की दारे एक पायरी मोठे करायचे. अर्थात हा हिशेब आकडे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यासाठी आहे. क्लिक थ्रीसारख्या साध्या पेटीत फारसे फिरवण्यासारखे नसते. तिथे ऊन पाहून रोल निवडायचा आणि उजेडात काम उरकायचे.

असे दहा-वीस रोल काढले की माणूस आपोआप उजेडाकडे पाहायला शिकतो. सकाळचे कोवळे ऊन ज्वारीच्या पानावर तिरपे पडते तेव्हा शीर न् शीर दिसते आणि भर दुपारी तेच पान सपाट दिसते, हे मला कॅमेऱ्याने शिकवले. पुढे पानावरचा रोग ओळखताना त्याचा उपयोग झाला.

माझ्या हातून झालेली चूक

आता एक गोष्ट सांगतो. रोलच्या कॅमेऱ्याचे गोडवे गाताना ती लपवली तर ते बरे होणार नाही.

१९९२ साली मी नोकरीला लागलो. तेव्हा कचेरीत ३५ मिलिमीटरच्या रोलचा एक कॅमेरा होता. पीक प्रात्यक्षिकांचे आणि शिवारफेरीचे फोटो काढायचे काम माझ्याकडे आले, कारण कॉलेजात असताना मला फोटोचा नाद होता. १९९५ च्या रब्बीत एका गावात ज्वारीच्या सुधारित पेरणीचे प्रात्यक्षिक होते. शेतकरी वयस्क होते, सत्तरीच्या घरातले. खिलारी बैलांची जोडी, घरची पाभर, आणि मागे चाड्यावर मूठ धरायला त्यांची कारभारीण. चाळीस-पन्नास वर्षे दोघे असेच पेरत आले होते. माझे कचेरीचे फोटो झाल्यावर म्हातारबा जरा संकोचून म्हणाले, "साहेब, आमचा जोडीनं एक बी फोटू न्हाई. लग्नात कुठला कॅमेरा?"

मी त्यांना पाभरीशेजारी उभे केले आणि दोन फोटो घेतले. एक गेला तर एक असावा म्हणून दोन. मग गावकऱ्यांचे, सरपंचांचे, बैलांचे असे करत रोल संपवला. आकडा छत्तीसवर आला तरी कळ फिरतच होती. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. मला वाटले आज नशीब चांगले, तीन फोटो जास्तीचे बसले.

तालुक्याच्या गावी स्टुडिओवाल्याने अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडला आणि बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, रोल जागचा हललाच नाही."

घाईत रोल भरताना त्याचे टोक दुसऱ्या बाजूच्या चरख्यात नीट अडकले नव्हते. मी कळ फिरवत होतो, आकडा पुढे जात होता आणि रोल आत जागच्या जागी बसून होता. सगळा दिवस कोरा गेला. कचेरीत बोलणी खाल्ली, त्याचे विशेष नाही. प्रात्यक्षिक पुढल्या वर्षी पुन्हा करता येते. पण त्या दोघांना काय सांगायचे? आज जाऊ, उद्या जाऊ करत मी ते टाळले. हुरड्याच्या दिवसात जाऊन पुन्हा फोटो काढू असे मनाशी ठरवले. पौषात त्या गावचा माणूस भेटला. त्याच्याकडून कळले की म्हातारबा गेले.

मी भेटायला गेलो. बाई ओसरीवर बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "साहेब, तो फोटू धुऊन आला का?"

जे झाले ते मी सांगितले. लपवायला तोंड नव्हते. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "असू द्या. फोटू काढायच्या वक्ताला त्यांनी टोपी सारखी केली आन् मला म्हणाले, पदर नीट घे. तेवढं माझ्या ध्यानात हाय."

या गोष्टीला आता तीस वर्षे होत आली. त्या दिवशी माझ्याजवळ आजचा मोबाईल असता तर फोटो जागच्या जागी दिसला असता आणि ती माऊली तो उशाशी घेऊन झोपली असती. म्हणून पहिली गोष्ट ठामपणे सांगतो. जो प्रसंग पुन्हा येणार नाही, तो नुसत्या रोलच्या भरवशावर सोडू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे, बारशाचे, लग्नाचे फोटो मोबाईलवर काढाच. पिकावरची कीड ओळखण्यासाठी मला पाठवायचा फोटोही मोबाईलचाच हवा, तो पाच मिनिटांत पोचतो. ई-पीक पाहणीत तर २०२१ पासून शेतकरी स्वतःच उभ्या पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर पीक नोंदवू लागले. तिथे रोलचे काही काम नाही.

मग त्यात गोडी कशाची?

त्या माऊलीचे शब्द मात्र माझ्या डोक्यातून गेले नाहीत. टोपी सारखी केली, पदर नीट घेतला. फोटो निघतो आहे हे दोघांना ठाऊक होते, म्हणून दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहून नीट उभे राहिले. रोलात छत्तीसच जागा असत आणि त्यांतली एक आपल्यासाठी खर्ची पडते आहे, याची जाणीव काढणाऱ्यालाही असे आणि काढून घेणाऱ्यालाही. मोबाईलसमोर आज कुणी असे उभे राहत नाही. आणि फोटो निघाल्यानिघाल्या चार डोकी मोबाईलवर वाकतात, ज्याचा फोटो काढला तो माणूस बाजूलाच राहतो.

त्या दिवशी ओसरीवर नातवाने कॅमेऱ्यासोबत फोटोंचे एक पाकीटही दाखवले होते. आजोबांनी काढलेले काळे-पांढरे फोटो, मागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख. आजीबाईंनी सूप बाजूला ठेवले आणि एकेक फोटो हातात घेऊन सांगू लागल्या. ही विहीर, पहिलं पाणी लागलं त्या दिवशीची. ही कपिला, हिनं नऊ येतं दिली. ही धाकटी नणंद, सासरी जायच्या सकाळची. एक रोल पाडव्याला घातला तो दिवाळीला संपला, म्हणून एकाच रोलात उन्हाळा, पाऊसकाळ आणि सुगी असे सगळे बसलेले. पन्नास वर्षांचा संसार त्यांनी त्या पाकिटातून अर्ध्या तासात आमच्यापुढे मांडला.

मी त्यांच्या मुलाला विचारले, "तुमच्या मोबाईलमध्ये किती फोटो आहेत?" ते म्हणाले, "असतील सात-आठ हजार." पण पोरगी दहावीला शाळेत पहिली आली, त्या दिवसाचा फोटो? तो नव्हता. विहिरीवर मोटार बसवताना जुना मोबाईल खिशातून पाण्यात पडला, त्यात गेला. दोष मोबाईलचा नाही. हजारो फोटोंतून दहा निवडून कागदावर छापून ठेवायला आपल्याला सवड होत नाही. रोलवाल्याला मात्र निवड फोटो काढण्याआधीच करावी लागते.

मेलेला धंदा पुन्हा उगवला

ही हौस एका पोराची नाही. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली शंभर फोटोंचा रोल घातलेला कोडॅक कॅमेरा विकायला काढला, तेव्हा फोटो काढणे प्रथमच साध्या माणसाच्या हाती आले. १९०० साली त्याच कंपनीचा एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा निघाला. आपल्याकडे उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, आणि त्याची 'इंदू' छापाची फिल्म गावोगावच्या स्टुडिओत वापरली जाई. आता तो कारखाना बंद आहे. गंमत अशी की रोल नसलेला, डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ साली पहिल्यांदा बनवला. पुढे त्याच तऱ्हेच्या कॅमेऱ्यांनी रोलचा बाजार बसवला आणि २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

रोल संपला असे सगळ्यांनी धरले होते. पण २०१२ साली बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म कोडॅकने २०१८ साली पुन्हा बाजारात आणली. पेंटॅक्स कंपनीने २०२४ साली नवाकोरा रोलचा कॅमेरा काढला. त्यात एका फोटोच्या जागेत दोन फोटो बसतात, म्हणजे छत्तीसच्या रोलात बहात्तर. क्लिक थ्रीला लागणारा १२० नंबरचा रोल कोडॅकने १९०१ साली काढला होता. तो सव्वाशे वर्षांनंतर आजही तयार होतो आणि त्याच पेटीत बसतो. मोबाईलचा चार्जर दोन वर्षांत बदलतो, त्यापुढे हे नवलच म्हणायचे.

हौस करायचीच तर

घरात जुना कॅमेरा असेल आणि मुलाबाळांना हौस असेल तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

कॅमेरा उघडण्याआधी आत जुना रोल नाही ना, हे पाहा. आकड्याच्या खिडकीत काही दिसत असेल किंवा कळ फिरवताना जोर लागत असेल, तर उघडू नका. तसाच फोटोवाल्याकडे न्या. काळ्या-पांढऱ्या जुन्या रोलात वीस-तीस वर्षांनीही कधी कधी चित्र निघते. कुणी सांगावे, त्यात तुमचे आजोबा असतील.

रोल नसेल तर मागचे झाकण उघडून भिंग उजेडाकडे धरा आणि बटण दाबा. झडप उघडून मिटताना क्षणभर उजेड दिसला पाहिजे. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ओलसर जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती धरते. सेल लागणारा कॅमेरा असेल तर जुने सेल काढून टाका. ते फुटून आतला पत्रा खातात.

३५ मिलिमीटरचा रोल भरल्यावर परत गुंडाळायची कळ हलकेच फिरवून रोल ताणून घ्या. पुढचा फोटो सरकवताना ती कळ आपोआप फिरते की नाही, हे डोळ्यांनी पाहा. फिरली नाही तर रोल अडकलेला नाही. हे मी का सांगतो ते वर आलेच आहे.

रोल सावलीत भरावा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. जास्त दिवस ठेवायचा असेल तर बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा, आणि भरण्याआधी तास-दीड तास बाहेर काढावा म्हणजे दव धरत नाही.

खर्चाचा हिशेब आधी मांडा. रोल, धुलाई आणि छपाई धरून आज एका रोलला हजार-दीड हजार रुपये सहज लागतात. तेवढ्यात युरियाच्या चार गोण्या येतात. म्हणून वर्षाला दोन रोल, यापुढे हौस वाढवू नये. एक पाडव्याला, एक दसऱ्याला. कर्ज काढून किंवा फीचे पैसे मोडून तर मुळीच नको. परगावी रोल धुवायला पाठवावा लागत असेल तर दोन-तीन घरांनी मिळून पाठवावा.

काळा-पांढरा रोल घरी धुणारेही आहेत. त्यासाठी घट्ट झाकणाचे टाके, औषधे आणि पक्का अंधार लागतो. तांबडा दिवाही चालत नाही, तो फक्त कागद छापताना चालतो. औषधाचे पाणी वीस अंशांच्या आसपास हवे, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात भांडे बर्फात ठेवणे आले. वापरलेले औषध मोरीत, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या हौदाकडे अजिबात ओतू नका. ते डब्यात साठवून फोटोवाल्याला द्या.

ज्यांच्याकडे जुन्या निगेटिव्ह आहेत त्यांनी त्या कडेने धरून कागदी पाकिटात घालाव्यात आणि कोरड्या डब्यात ठेवाव्यात. डबा उघडल्यावर आंबूस वास आला तर त्या खराब होऊ लागल्या असे समजून लवकर नक्कल करून घ्यावी. मोबाईलचा पांढरा पडदा लावून त्यावर थोडे अंतर सोडून निगेटिव्ह धरली आणि दुसऱ्या मोबाईलने फोटो घेतला, की चित्र सुलटे करता येते. हे काम कुणाही शिकलेल्या मुलाला जमेल. हाताशी असलेल्या नव्या यंत्राने जुन्याची राखण करावी.

आणि ज्यांना कॅमेऱ्याची हौस नाही, त्यांनी एवढे तरी करावे. दर दिवाळीला मोबाईलमधले वर्षाचे बारा फोटो निवडावे, छापून घ्यावे आणि मागे तारीख व नावे लिहावीत. एका रोलात बाराच बसतात असे समजून निवडावे.

निवाडा

परवा संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला. बापाने हो म्हटले आहे. एकच रोल, आणि तोही सुटीत मुलाने स्वतः कमावलेल्या पैशातून. काळा-पांढरा रोल पुण्याहून मागवला, तो आला. क्लिक थ्रीची झडप अजून चालते, त्याने माझ्या सांगण्याप्रमाणे उजेडाकडे धरून पाहिले.

"मग पहिला फोटो काढला का?" मी विचारले.

"नाही साहेब. आजी म्हणती, रविवारपर्यंत थांब. मी न्हाते, हिरवं लुगडं नेसते, मग काढ." मग जरा थांबून म्हणाला, "आबा पण म्हणाले, मी मागं उभा राहतो."

मी त्याला एवढेच सांगितले की आजीचा एक फोटो मोबाईलवरही घे, आणि रोल सरकला की नाही ते खिडकीतल्या आकड्यावरून पाहून घे. बाकी कसा येतो ते रोल धुऊन आल्यावर कळेल. तोवर थांबायचे, आपल्याला त्याची सवय आहेच.

पुढील आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीबद्दल बोलू. फुले धरू लागली असतील तर कामगंध सापळे आत्ताच लावून घ्यावेत.